सामुदायिक संगीत आणि कला उपक्रमांसाठी अनुदानाचा शोध कुठून सुरू करावा?

खंजिरी

नमस्कार. आम्ही आठ जण मिळून गेली सहा वर्षे दर शनिवारी दोन तासांचा गायन-वादनाचा वर्ग चालवतो. तो सर्वांना खुला आहे आणि त्याला शुल्क नाही. सध्या हजेरीपटावर ३४ नावे आहेत. त्यांत २५ मुले आहेत आणि नऊ जण साठी ओलांडलेले आहेत. जागा एका वाचनालयाने दिली आहे, शिकवणारे दोघे मानधन घेत नाहीत आणि वाद्ये लोकांनी आपापल्या घरांतून आणून दिलेली आहेत. बाकीचा खर्च आम्ही आजवर पदरमोड करून भागवला, परंतु आता ते झेपेनासे झाले आहे. एका ढोलाच्या पानाला चीर गेली आहे. ती आम्ही चिकटपट्टीने सांधली आहे आणि त्या ढोलावर बसणाऱ्या मुलीला फक्त कडेवर वाजवायला सांगतो. ती कुरकुर न करता तसे वाजवते. भर मध्यावर थाप कधी मारायला मिळेल, असे तिने मागच्या शनिवारी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

गेल्या वर्षभरात मी ११ ठिकाणी अनुदानासाठी अर्ज पाठवले. नऊ ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही, दोन ठिकाणांहून नम्र नकार आला, आणि कारण कुठेच कळले नाही. सगळीकडे मजकूर तोच होता, फक्त वर संस्थेचे नाव बदललेले होते. आमच्या गटाची नोंदणी झालेली नाही. दोघांच्या संयुक्त नावाने एक बँक खाते आहे, इतकेच. अनुदान देणाऱ्या संस्थांच्या याद्या मिळतात, पण त्यांतली आपल्या कामाची कोणती हे ओळखता येत नाही. इथले वाचक निरनिराळ्या देशांत राहतात, म्हणून प्रश्न एका देशापुरता न ठेवता विचारते: हे शोधकार्य नेमके कुठून सुरू करायचे असते?

जमाखर्च

खंजिरीताई, मी बरीच वर्षे लहान सांस्कृतिक संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून माझे उत्तर हिशेबापासूनच सुरू होते. संस्थांची यादी बाजूला ठेवा आणि आधी आपल्या वर्गाचे वर्षाचे अंदाजपत्रक लिहून काढा. त्यात आज पैसे मोजून घेतल्या जाणाऱ्या गोष्टी तर हव्यातच, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीही त्यांच्या खऱ्या किमतीसह हव्यात. वर्षात ४० शनिवार वर्ग भरतो असे धरू. दोन शिक्षक प्रत्येकी दोन तास शिकवतात, म्हणजे १६० तास झाले. वाद्ये मांडणे, जुळवणे आणि आवरणे यांसाठी दोघांचा प्रत्येकी अर्धा तास धरला तर आणखी ४० तास. म्हणजे आपल्या वर्गात दरवर्षी २०० तासांचे कुशल काम होते, आणि आपल्या हिशेबात त्याची किंमत शून्य आहे.

ही शून्याची ओळ आपल्याला निष्ठेची खूण वाटत असेल, परंतु अनुदान देणाऱ्याला तिच्यात धोका दिसतो. दोघांपैकी एक जण आजारी पडला किंवा परगावी गेला तर वर्ग बंद पडेल का, हा प्रश्न त्याच्या मनात लगेच येतो, आणि अर्जात त्याचे उत्तर नसते. म्हणून बाजारात अशा शिकवणीला जो ताशी दर मिळतो तो लावून ती रक्कम खर्चाच्या बाजूला लिहा, आणि तेवढीच रक्कम जमेच्या बाजूला ‘श्रमरूप योगदान’ म्हणून दाखवा. वाचनालयाच्या जागेचेही तसेच करा. जे निधीदाते अर्जदाराचा स्वतःचा वाटा मागतात, त्यांपैकी अनेक जण असे योगदान काही प्रमाणात ग्राह्य धरतात. किती आणि कोणत्या पुराव्यावर, हे मात्र प्रत्येकाच्या नियमावलीत पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तूट म्हणजे आपल्या कारभाराचा दोष, अशी खंत लहान संस्थांच्या मनात घर करून असते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगजीवी, म्हणजे रंगमंचावर सादर होणाऱ्या कलांच्या अर्थव्यवहाराचा जो अभ्यास मांडला, त्यात या तुटीचे मूळ दाखवले आहे. कारखान्यात यंत्रांमुळे दर तासाचे उत्पादन वाढत जाते आणि त्यासोबत समाजातले वेतनही वाढते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांसाठी लिहिलेली रचना आजही चारच वादकांना तितक्याच मिनिटांत वाजवावी लागते. काम तेवढेच राहते आणि त्याची किंमत चढत जाते. त्यामुळे अर्जात तुटीबद्दल ओशाळलेपणाने लिहू नका. ती स्पष्ट आकड्यात लिहा.

खंजिरी

२०० तासांचा हा हिशेब आम्ही कधीच केला नव्हता. पण अंदाजपत्रक तयार झाले तरी ते कोणाकडे न्यायचे, हा प्रश्न उरतोच. आणि नोंदणी नसल्यामुळे आमचे घोडे पहिल्याच पानावर अडते.

पानोपानी

मी ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते आणि अनुदान शोधणारे लोक माझ्यासमोर रोज बसतात. त्यांच्यापैकी बहुतेक जण निधीदाता स्वतःविषयी काय म्हणतो ते वाचतात. त्याने गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्षात कोणाला किती दिले, हे फार थोडे जण पाहतात. माझ्या मते खरा शोध तिथेच आहे. ध्येयवाक्यात सगळेच कलेचे आश्रयदाते असतात. एखाद्या प्रतिष्ठानाने मागच्या ३० अनुदानांपैकी २८ मोठ्या नाट्यगृहांना आणि संग्रहालयांना दिली असतील, तर शनिवारच्या वर्गाने तिथे अर्ज करून आपले दोन आठवडे घालवू नयेत.

ही माहिती अनेक देशांत उघड असते. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी ‘९९०-पीएफ’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते. त्यात त्या वर्षी दिलेल्या अनुदानांची यादी, रक्कम आणि कारण असते, आणि ते कोणालाही पाहता येते. प्रतिष्ठानांची माहिती जमवणारे, १९५६ मध्ये स्थापन झालेले फाउंडेशन सेंटर आणि ना-नफा संस्थांची माहिती देणारे गाइडस्टार २०१९ मध्ये एकत्र येऊन ‘कँडिड’ ही संस्था झाली. तिची शोधसामग्री बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत विनामूल्य वापरता येते. ब्रिटनमध्ये ‘३६०गिव्हिंग’च्या उपक्रमामुळे शेकडो निधीदाते आपली अनुदाने एकाच नमुन्यात प्रसिद्ध करतात आणि ‘ग्रँटनॅव्ह’ या मोफत साधनावर ती शोधता येतात. जिथे असे काही नाही, तिथे संस्थांचे वार्षिक अहवाल वाचावेत, आणि आपल्यासारख्याच एखाद्या गटाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कोणाचे आभार मानले आहेत ते पाहावे. तो छोटा मजकूर मी नेहमी टिपून ठेवायला सांगते.

दुसरी गोष्ट पातळीची. नाव माहीत असते म्हणून लोक थेट राष्ट्रीय संस्थेकडे धावतात. ब्रिटनची आर्ट्स कौन्सिल १९४६ मध्ये, कॅनडाची १९५७ मध्ये आणि अमेरिकेचे नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स १९६५ मध्ये स्थापन झाले. या संस्थांची नावे सर्वतोमुखी आहेत. परंतु अमेरिकेतल्या या राष्ट्रीय संस्थेच्या अनुदाननिधीपैकी ४० टक्के रक्कम राज्यांच्या आणि विभागांच्या कलासंस्थांकडे जाते, आणि तिथून ती आणखी खाली झिरपते. लहान गटाला ती खालच्या पातळीवरच गाठता येते. तिथे अर्ज लहान असतो, स्पर्धा तुलनेने कमी असते, आणि मुख्य म्हणजे वाचणाऱ्याने तुमची वस्ती पाहिलेली असते.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ‘कला’ या शब्दाखालीच शोधत राहू नका. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मुलांच्या वाद्यवृंदांची जी चळवळ उभी केली आणि जी पुढे ‘एल सिस्तेमा’ या नावाने जगभर पोहोचली, तिला सरकारी पैसा मुख्यतः युवक आणि सामाजिक सेवांच्या खात्यांतून मिळत राहिला. वाद्यवृंद तोच होता. परंतु मुलांना सुरक्षित जागा, शिस्त आणि सोबत मिळते, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. तुमच्या हजेरीपटावर साठीपुढचे नऊ जण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर अहवाल काढला. ज्येष्ठांच्या एकाकीपणावर काम करणाऱ्या निधीदात्याकडे जाताना तो आधार म्हणून दाखवता येतो. म्हणजे तुमच्यासाठी बालशिक्षण, ज्येष्ठांचे आरोग्य आणि शेजारसंबंध अशी आणखी तीन दारे आहेत, आणि बहुधा त्यांतले एकही तुम्ही अजून ठोठावलेले नाही.

नोंदणीबाबत सांगायचे तर अनेक देशांत छत्र संस्थेची सोय असते. नोंदणीकृत संस्था तुमच्या वतीने अनुदान स्वीकारते, हिशेब ठेवते, त्यातली ठरलेली टक्केवारी प्रशासकीय खर्चासाठी घेते, आणि निधीदात्याला उत्तरदायी राहते. वाचनालय चालवणारी संस्था नोंदणीकृत असेल तर पहिली विचारणा तिथेच करा. मात्र तोंडी ठरवू नका. टक्केवारी किती, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि विकत घेतलेली वाद्ये शेवटी कोणाच्या मालकीची, या तीन गोष्टी लेखी हव्यात.

एक परीक्षक

मी काही वर्षे एका अनुदान समितीवर छाननीचे काम केले. समितीच्या आतून अर्ज कसा दिसतो, हे लिहिले तर उपयोग होईल असे वाटते.

एका बैठकीसाठी आमच्याकडे कित्येक डझन अर्ज यायचे आणि ते वाचायला थोड्या संध्याकाळी मिळायच्या. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात कोण, कुठे, किती जणांसाठी, काय आणि किती रकमेत हे कळले नाही, तर पुढचा मजकूर वाचताना लक्ष अर्धे झालेले असे. हा दोष वाचणाऱ्याचा म्हणता येईल, पण तो गृहीत धरूनच अर्ज लिहावा. ‘संगीताच्या माध्यमातून समाजात सकारात्मक परिवर्तन घडवण्याचा आमचा मानस आहे’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे की मला ते दिसेनासे झाले होते. उलट खंजिरी यांनी वर सहज लिहून टाकलेली वाक्ये पाहा: सहा वर्षे, दर शनिवारी, ३४ नावे, त्यांत नऊ ज्येष्ठ, फाटके पान आणि कडेवर वाजवणारी मुलगी. समितीला नेमके हेच हवे असते. मला खात्री आहे की ११ अर्जांपैकी एकातही तो ढोल नव्हता.

समितीत साधारणतः चार प्रश्नांवर चर्चा रंगते. अनुदान न मिळाले तरी हे काम होणारच आहे का? मागितलेल्या रकमेने नेमका कोणता फरक पडेल? आणखी कोण हातभार लावत आहे? आणि मुदत संपल्यावर काय? शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही स्वयंपूर्ण होऊ’ असे उत्तर देऊ नका, कारण त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. घेतलेली वाद्ये किती वर्षे टिकतील, या काळात कोणत्या मोठ्या विद्यार्थ्यांना लहानांना शिकवण्यासाठी तयार कराल, एवढे खरे उत्तर पुरेसे असते.

मुले असलेल्या उपक्रमात मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण नसेल तर अनेक ठिकाणी अर्ज छाननीतच बाद होतो, आणि ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. शिक्षकांची पार्श्वभूमी तपासली आहे का, एखादे मूल एकट्या प्रौढाजवळ राहणार नाही याची काळजी कशी घेता, छायाचित्रांसाठी पालकांची संमती कशी घेता, हे एका पानावर लिहून ठेवा. ते पान अनुदानासाठी नसले तरी असायलाच हवे.

आणि दोन नम्र नकार आले आहेत, त्यांना उत्तर पाठवा. आभार माना, आणि अर्ज कोणत्या निकषावर कमी पडला एवढेच विचारा. काही जण सांगत नाहीत. पण जे सांगतात, त्यांची दोन ओळींची टिप्पणी पुढच्या अर्जात फार कामाला येते. पात्रतेबद्दल शंका असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच निधीदात्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे. असे विचारणे म्हणजे वशिला लावणे, हा आपल्याकडचा संकोच अनाठायी आहे. त्यांचा आणि आपला दोघांचाही वेळ वाचतो.

षड्ज

वरचे सर्व सल्ले उपयुक्त आहेत, तरीही त्यांच्या उतारावर एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे, म्हणून लिहितो. आमच्या समूहगायनाच्या गटाने काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या आवाहनाला प्रतिसाद दिला. त्या वर्षीचा त्यांचा विषय डिजिटल साधने हा होता. आम्ही गाणारे लोक, पण अर्जात ध्वनिमुद्रण, संपादन आणि टॅबलेटवरचे संगीतशिक्षण असे सगळे लिहिले. अनुदान मिळाले. पुढचे आठ महिने तालमीच्या वेळेत आम्ही टॅबलेट चार्ज करणे, त्यांची नोंद ठेवणे आणि अहवालासाठी चित्रफिती जमवणे हेच करत राहिलो. गाण्यासाठी येणाऱ्या ज्येष्ठ बायकांनी हळूहळू येणे बंद केले. त्यांतल्या एकीने मला स्पष्ट सांगितले की इथे आता गाणे होत नाही. संस्थेचा त्यात काही दोष नव्हता, कारण आम्ही जे लिहून दिले तेच त्यांनी मागितले.

म्हणून ‘आरोग्य’ किंवा ‘युवक’ या दारांतून जाताना आधी स्वतःला विचारा की हे काम आपण खरोखर करतो आहोत का. खंजिरींच्या वर्गात ज्येष्ठ आधीपासून येतात, तेव्हा ते दार त्यांचे आहे. जे येत नाहीत त्यांना अर्जासाठी आणू नका.

पानोपानी

षड्ज, आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि मी ते स्वतःच लिहायला हवे होते. मी दारांबद्दल बोलले ते चालू असलेल्या कामाचे जे पैलू आपण सांगायचे विसरतो त्यांच्यापुरते. त्यासाठी कामच बदलायला मी कोणालाही सांगणार नाही.

मूळखाते

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, कारण इथे कायद्याची चौकट जरा वेगळी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावी लागते, आणि कोणती कामे चालतात याची यादी त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथे वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन तसेच पारंपरिक कलांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शिक्षणाचे कलम वेगळे आहे. अर्जात अनुसूचीतल्या नेमक्या बाबीचा उल्लेख केला तर कंपनीच्या माणसाचे काम सोपे होते. मात्र १ एप्रिल २०२१ पासून हे काम करणाऱ्या संस्थेला सरकारकडे सीएसआर-१ (सीएसआर म्हणजे हेच सामाजिक उत्तरदायित्व) या नमुन्यात नोंदणी करावी लागते, त्यामुळे नोंदणी नसलेल्या गटाला इथे थेट प्रवेश नाही.

परदेशी निधीबाबत त्याहून सावध राहावे. परकीय अंशदान नियमन कायदा २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई आहे. म्हणजे पानोपानी यांनी सांगितलेली छत्र संस्थेची वाट परदेशी अनुदानासाठी इथे चालत नाही. नोंदणीकृत संस्थेने तो उपक्रम स्वतःचा म्हणून स्वतःच राबवावा लागतो. कलाक्षेत्रासाठी देशातच अनुदान देणाऱ्या स्वतंत्र संस्था थोड्या आहेत. १९९३ मध्ये स्थापन झालेले बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स त्यांपैकी एक.

खंजिरी

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून आम्ही अंदाजपत्रक नव्याने लिहिले. एकूण खर्च १०० धरला तर शिक्षकांचे मानधन ४४, जागा १८, वाद्ये आणि दुरुस्ती २०, वर्षअखेरचा कार्यक्रम १० आणि छपाई, चहापाणी वगैरे किरकोळ ८ असे पडते. जमेच्या बाजूला जागेचे १८ वाचनालयाकडून, शिक्षकांच्या श्रमाचे २२ आणि लोकवर्गणीचे १० धरले आहेत. म्हणजे ५० मागायचे आहेत. जुन्या अर्जात आम्ही फक्त वाद्ये मागितली होती. वाचनालयाची संस्था नोंदणीकृत आहे आणि छत्र संस्था व्हायला तिचे विश्वस्त तत्त्वतः तयार आहेत. हे बरोबर दिसते का?

जमाखर्च

बेरीज बरोबर आहे, आणि शिक्षकांना अर्धे मानधन देण्याचा निर्णय मला फार आवडला. तीन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली, छत्र संस्थेची टक्केवारी कुठे आहे? तसेच हिशेब लिहिणे, अहवाल पाठवणे, लेखापरीक्षण, मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण, यांचाही खर्च दिसत नाही. प्रशासकीय खर्च दाखवला की अनुदान नाकारले जाते, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत संघराज्याच्या अनुदानांत ज्यांचा अप्रत्यक्ष, म्हणजे अशा प्रशासकीय खर्चाचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही, त्यांना सरसकट मागता येणारा दर ऑक्टोबर २०२४ पासून १० टक्क्यांवरून १५ टक्के करण्यात आला, कारण हा खर्च खरा असतो हे देणाऱ्यांनाही पटले आहे. काही निधीदाते याला मर्यादा घालतात. ती मर्यादा पाहा आणि तिच्यापर्यंत जरूर मागा. दुसरी, ‘किरकोळ’ हा शब्द काढून टाका. आठ टक्के किरकोळ म्हटले की वाचणाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबते. छपाई वेगळी, चहापाणी वेगळे आणि प्रवास वेगळा लिहा.

तिसरी दुरुस्ती माझ्या अनुभवातून आलेली आहे. मी ज्या एका संस्थेचे हिशेब पाहत होतो, तिला एक चांगले अनुदान मंजूर झाले. पत्र वाचून सर्वांना आनंद झाला आणि नियमावलीचे सातवे पान कोणी पाहिले नाही. तिथे लिहिले होते की खर्च आधी संस्थेने करायचा, पावत्या सादर करायच्या, आणि तपासणीनंतर परतफेड होईल. शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता तर अंतिम अहवाल स्वीकारल्यावर. संस्थेच्या खात्यात दोन महिन्यांचेही पैसे नव्हते. अखेरीस तिघा सदस्यांनी घरचे पैसे उसने दिले, आणि ते परत मिळायला अकरा महिने लागले. त्यांतले एक गृहस्थ त्यानंतर संस्थेत आलेच नाहीत. म्हणून अंदाजपत्रकाशेजारी महिनावार रोकडीचा तक्ता ठेवा: कोणत्या महिन्यात किती जाणार, किती येणार आणि हातात किती उरणार. ज्या महिन्यात शेवटचा आकडा उणे होतो, त्या महिन्याचे काय करायचे हे अर्ज करण्यापूर्वी ठरवा, किंवा आगाऊ हप्ता मिळेल का ते विचारा.

सहअर्थसाहाय्याचीही नोंद घ्या. युरोपीय संघाच्या ‘क्रिएटिव्ह युरोप’ या २०२१ ते २०२७ च्या कार्यक्रमात सहकार्याच्या सर्वांत लहान प्रकल्पांनाही जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते आणि मोठ्यांना ६० टक्के. उरलेली अर्जदारांनी उभी करायची असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कलासंस्थेचा नियम साधारणतः निम्म्या-निम्म्याचा आहे. आपले ५० आणि ५० हे प्रमाण त्यामुळे चांगले आहे, फक्त त्यातली लोकवर्गणी खरोखर जमली पाहिजे.

षड्ज

लोकवर्गणीबद्दल एक सांगतो, कारण तिला लोक उगाच दुय्यम मानतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे वचन दिले. सुमारे पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणारे लाखाहून अधिक होते आणि बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी दिले होते. आपल्या गटाने कार्यक्रमपत्रिकेत देणगीदारांची सगळी नावे रकमेशिवाय आणि वर्णानुक्रमाने छापावीत. देणारा लहान असो वा मोठा, नाव एकाच आकाराच्या अक्षरांत. शिवाय अर्जात ‘७० घरांनी वर्गणी दिली’ असे लिहिता आले, तर हा वर्ग वस्तीला हवा आहे याचा त्याहून चांगला पुरावा कोणता?

एक परीक्षक

आमच्या समितीत त्या एका ओळीने अनेकदा पारडे झुकलेले मी पाहिले आहे. घरांची संख्या लिहा, एकूण रक्कम नंतर.

खंजिरी

सर्व दुरुस्त्या केल्या. ‘किरकोळ’ गेले, छत्र संस्थेचे ५ टक्के आले. जास्तीचे पाच आम्ही मागणीतच धरले, त्यामुळे मागणी ५० वरून ५५ झाली, आणि एकूण खर्च १०५. महिनावार तक्त्यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर उणे दिसतात. त्या दोन महिन्यांसाठी वाचनालयाच्या विश्वस्तांनी बिनव्याजी उचल देण्याचा ठराव केला आहे. पुढच्या तिमाहीत ११ ऐवजी दोनच अर्ज करणार आहोत. एक स्थानिक कलानिधीकडे आणि दुसरा ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठानाकडे. या दुसऱ्याने गेल्या तीन वर्षांत सहा संगीतवर्गांना मदत केल्याचे त्यांच्या अहवालांत सापडले. त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना उद्या पत्र पाठवत आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत: छत्र संस्थेमार्फत अर्ज चालेल का, शिक्षकांचे श्रमरूप योगदान आमच्या वाट्यात धरता येईल का, आणि पहिला हप्ता आगाऊ मिळतो का.

ढोलाचे पान मात्र अनुदानाची वाट न पाहता वर्गणीतून बदलून घेतले. शनिवारी ते बसवताना ती मुलगी शेजारी उभी होती. दोरी शेवटची ताणून झाल्यावर तिने आधी बोटाने टिचकी मारून पाहिली, आणि मग भर मध्यावर थाप दिली.

जमाखर्च

पानाची आणि बसवणावळीची पावती जपून ठेवा, खंजिरीताई. अनुदानाच्या मुदतीआधीचा खर्च सहसा परत मिळत नाही, पण वर्गणीचा विनियोग म्हणून ती अर्जाला जोडता येईल.